नेटवर्क गेल्यावरही जे बोलतं तेच कामाचं: व्हीएमच्या आतल्या नेटवर्क स्क्रिप्टांचं परीक्षण

आमच्या खान्देशात दालमिल घ्या, जिनिंग घ्या की पतपेढी, ऑफिसच्या कोपऱ्यात आता पूर्वीसारखे चार-चार सीपीयू मांडलेले नसतात. एकच दणकट मशीन असतं, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं असतं आणि टॅलीचं विंडोज, भुईकाट्याचा डेटाबेस, फाइल सर्व्हर हा सगळा संसार त्या एकाच मशीनमध्ये व्हीएमच्या, म्हणजे व्हर्च्युअल (आभासी) मशीनच्या, रूपात चालतो. जागा वाचते, वीज वाचते, बॅकअप एका ठिकाणी होतो. नडतं ते नेटवर्क. व्हीएम चालू असते, हिरवा दिवा लागलेला असतो, आणि तरी टॅली उघडत नाही, कारण आतल्या मशीनला आयपी पत्ताच, म्हणजे नेटवर्कवरचा स्वतःचा क्रमांकच, मिळालेला नसतो.

व्हीएमच्या आत बसून नेटवर्कची मांडणी करणाऱ्या आणि बिघडलं की शोधायला मदत करणाऱ्या चार गोष्टींबद्दल मी इथे लिहिते आहे: क्लाउड-इनिट, नेटप्लॅन, क्यूईएमयू गेस्ट एजंट आणि व्हीएमवेअर (प्रॉक्समॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मशीनांतलं ओपन-व्हीएम-टूल्स. चारही फुकट, चारही ओपन सोर्स. माझा वापर मुख्यतः उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४ आणि २४.०४ वर, प्रॉक्समॉक्सच्या आठव्या आवृत्तीत.

मी जळगावात राहते आणि सर्व्हर बसवणं-सांभाळणं हाच माझा व्यवसाय. गिऱ्हाइकं अमळनेर, पारोळा, चोपडा, यावल, रावेर अशी तालुक्या-तालुक्यांत पसरलेली. चोपड्याला रेल्वे नाही. अमळनेर धरणगावमार्गे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सर्व्हरजवळ जो माणूस उभा असतो तो मुनीम असतो, पतपेढीचा क्लार्क असतो, नाहीतर मालकाचा कॉलेजात जाणारा मुलगा. म्हणून या स्क्रिप्टांना गुण देताना मी एकच बघते: नेटवर्क बंद पडल्यावर त्या माणसाला आणि फोनवर असलेल्या मला ही स्क्रिप्ट काय सांगते? सगळं सुरळीत असताना चारही उत्तम चालतात, त्याचं मला फारसं कौतुक नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, वीज जाते-येते, यूपीएसची बॅटरी मान टाकते, आणि सर्व्हर, स्विच, राउटर सगळं एकदम बंद होऊन एकदम चालू होतं. परीक्षा तेव्हा असते.

क्लाउड-इनिटपासून सुरुवात करते, कारण बाकी बऱ्याच गोष्टी त्याच्यावर येऊन थांबतात. हे उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या प्रकल्पात मोठ्या क्लाउडसाठी (इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरांसाठी) घडलेलं साधन. कोरी इमेज (आधीच तयार करून ठेवलेली ऑपरेटिंग सिस्टम) पहिल्यांदा चालू होते तेव्हा क्लाउड-इनिट आपली माहिती कुठे ठेवली आहे ते शोधतं. प्रॉक्समॉक्स ती माहिती एका छोट्या आभासी सीडीच्या रूपात व्हीएमला जोडतं: मशीनचं नाव, युजर, एसएसएचची (लांबून लॉगिन करण्याच्या सोयीची) किल्ली, आयपी, गेटवे (बाहेर जायचा रस्ता, बहुधा राउटर), डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय). क्लाउड-इनिट ते वाचून नेटप्लॅनसाठी (उबंटूत नेटवर्कची मांडणी लावणारं साधन) '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल लिहितं आणि नेटवर्क उभं राहतं. टेम्पलेट (ज्यावरून नव्या व्हीएम काढायच्या तो साचा) एकदा नीट बनवलं की नवी व्हीएम चहा पिऊन होईपर्यंत तयार होते. माझ्यासारख्या एकट्या माणसाच्या धंद्यात याची किंमत फार आहे आणि ती मी मनापासून मान्य करते.

पण ती फाइल कुणाची, हा प्रश्न प्रत्येकाने पहिल्याच दिवशी निकालात काढायला हवा. बहुतेक जण आयपी बदलायचा म्हणून थेट ती फाइल उघडतात, आकडा बदलतात, नेटप्लॅन लावतात आणि मोकळे होतात. काम होतं. महिनोन्‌महिने चालतंही. पुढे कधीतरी कुणी प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर जाऊन त्याच व्हीएमचा पासवर्ड किंवा डीएनएस बदलतो. प्रॉक्समॉक्स त्या सीडीतल्या मजकुरावरूनच मशीनचा ओळखक्रमांक काढतं, म्हणजे मजकूर बदलला की ओळखक्रमांकही बदलतो. क्लाउड-इनिटला वाटतं हे नवंच मशीन आहे. ते सगळी पहिली कामं पुन्हा करतं, हाताने केलेला आयपी पुसून सीडीतला जुना लिहितं, वर एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) नव्या बनवतं. दुसऱ्या दिवशी लॉगिन करायला गेलं की 'या सर्व्हरची ओळख बदलली आहे, कुणी मधे घुसलं असेल' अशी धोक्याची सूचना येते आणि नवखा माणूस हॅकिंग समजून घाबरतो.

हे वागणं दस्तऐवजात लिहिलेलं आहे, आणि जुन्या आवृत्त्यांत तर त्या फाइलच्या डोक्यावरच इशारा छापलेला असतो. माझी तक्रार वेगळी आहे. क्लाउड-इनिट हाताने केलेला बदल पुसतं तेव्हा पडद्यावर एक ओळसुद्धा येत नाही. बातमी लॉगमध्ये (कामांच्या नोंदवहीत) असते, पण त्या लॉगमध्ये डीबगच्या ओळींचा इतका भडिमार असतो की काय शोधायचं ते माहीत नसेल तर तासभर वाचत बसाल. काय शोधायचं ते सांगते: 'अप्लाइंग नेटवर्क कॉन्फिगरेशन फ्रॉम' असा मजकूर असलेली ओळ. त्यापुढे 'डीएस' असेल तर माहिती सीडीतून आली. 'फॉलबॅक' असेल तर त्याला काहीच सापडलं नाही आणि मिळेल त्या पहिल्या नेटवर्क कार्डावर त्याने डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता मागणं) लावून टाकलं. ही एक ओळ अर्धी लढाई जिंकून देते. त्याआधी 'क्लाउड-इनिट स्टेटस' ही आज्ञा 'लाँग' पर्यायासह चालवा. माहिती कुठल्या ड्राइव्हवरून घेतली आणि काही चुकलं का, हे ती चार ओळींत सांगते.

माझा नियम असा: व्हीएमचा आयपी एकतर कायम प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरून बदलायचा, नाहीतर क्लाउड-इनिटचं नेटवर्कचं काम '९९-डिसेबल-नेटवर्क-कॉन्फिग' या फाइलने बंद करून स्वतःच्या नेटप्लॅन फाइलवर यायचं. दोन्ही घोडे एकदम हाकायचे नाहीत. डेटाबेससारख्या, वर्षानुवर्षं एकाच जागी राहणाऱ्या व्हीएमवर मी ते बंदच करते. रोज नवी मशीनं बनवायची वेळ असलेल्या ठिकाणी, कॉलेजच्या लॅबमध्ये वगैरे, चालू ठेवते.

आता मशीन-आयडीबद्दल (लिनक्सच्या आत ठेवलेली मशीनची ओळख, वरच्या सीडीतल्या ओळखक्रमांकाहून वेगळी), कारण यात माणसं दिवसच्या दिवस घालवताना मी पाहिली आहेत.

अमळनेर तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये ऐन हंगामात हा प्रकार झाला. अमळनेरबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे, विप्रोची सुरुवात १९४५ साली तिथल्या वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली हे आम्ही आयटीवाले अभिमानाने सांगतो. तर, भुईकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि वजनाची पावती कधी निघते, कधी निघत नाही. मुनीमकाकांचा फोन आला: "ताई, दिवा ते हिरवा शे, पन पावती निंघस नही." सर्व्हर माझ्याआधी दुसऱ्या कुणीतरी बसवलेला होता. डेटाबेसची व्हीएम आणि फाइल सर्व्हरची व्हीएम एकाच व्हीएमवरून क्लोन (हुबेहूब नक्कल) केलेल्या. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे स्वतःचे क्रमांक) वेगवेगळे होते. तिथे जो-जो तपासायला आला त्याने मॅक बघितले, वेगळे दिसले, आणि क्लोनिंग बरोबर झालंय असं म्हणून तो केबलच्या मागे लागला. स्विचही बदलून झाला होता.

मी मुनीमकाकांच्या टेबलावरच्या विंडोजवर एनीडेस्कने (लांबून दुसऱ्याचा पडदा चालवायचं सॉफ्टवेअर) गेले, तिथून ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर प्रॉक्समॉक्स उघडलं आणि यजमान मशीनच्या (ज्यावर सगळ्या व्हीएम चालतात त्या खऱ्या मशीनच्या) शेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावरून, आत बसलेल्या गेस्ट एजंटला दोन्ही व्हीएमचे पत्ते विचारले. दोघींचं उत्तर एकच: १९२.१६८.१.३४. राउटरच्या यादीत मात्र नोंद एकच.

कारण असं. उबंटू सर्व्हरमध्ये डीएचसीपी मागण्याचं काम सिस्टमडी-नेटवर्कडी (लिनक्सच्या सिस्टमडी या व्यवस्थेचा नेटवर्कचा भाग) करतं. राउटरपुढे ते ओळख म्हणून नुसता मॅक पत्ता धरत नाही, ईटीसी या फोल्डरमधल्या मशीन-आयडी या फाइलवरून तयार केलेली ओळख पाठवतं. क्लोन करताना ती फाइल जशीच्या तशी दुसऱ्या व्हीएममध्ये जाते. ही ओळख मानणारा राउटर म्हणतो, हा तर आपला जुनाच माणूस, आणि दोघांना एकच पत्ता देतो. मग ऑफिसच्या नेटवर्कमध्ये त्या पत्त्याचा मालक कधी ही व्हीएम, कधी ती. पावती नशिबाने निघते. काही स्वस्त राउटर मॅकच बघतात. तिथे हा दोष झाकलेला राहतो आणि राउटर बदलल्या दिवशी उगवतो. त्या जिनिंगमध्ये फायबरवाल्याने नवा राउटर बसवल्यापासूनच त्रास सुरू झाला होता, आणि त्यामुळे सगळे बिचाऱ्या राउटरलाच दोष देत होते.

उपाय दोन आहेत. तातडीचा म्हणजे नेटप्लॅनच्या फाइलमध्ये त्या कार्डाखाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' समोर 'मॅक' लिहिणं. कायमचा म्हणजे टेम्पलेट बनवतानाच मशीन-आयडी रिकामी करणं. क्लाउड-इनिटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'क्लीन' आज्ञेला 'मशीन-आयडी' हा पर्याय त्याचसाठी दिला आहे आणि मी त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण देते. टेम्पलेट गोठवण्याआधी तेवढी एक आज्ञा चालवली की पुढचं सगळं टळतं.

गेस्ट एजंटबद्दल वर ओझरतं आलं, पण या चौघांत माझा पहिला क्रमांक त्याचाच. मशीनमध्ये लांबून शिरायचा नेहमीचा रस्ता नेटवर्कच्या आधारावर उभा असतो. नेटवर्क मेलं की एसएसएच मेलं, एसएसएच मेलं की तुम्ही बाहेर. गेस्ट एजंट यजमानाशी बोलतो तो आभासी सिरियल पोर्टवरून. व्हीएमचं नेटवर्क पूर्ण झोपलेलं असलं तरी यजमान त्याला विचारू शकतो: तुझी कार्डं कुठली, त्यांचे मॅक काय, पत्ते काय. 'क्यूएम गेस्ट एक्झेक' ने तर आतमध्ये आज्ञाही चालवता येते. मी रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर एकही केबल न हलवता, आत लॉगिन न करता, व्हीएमचा बिघडलेला डीफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) याच मार्गाने दुरुस्त केला. जळगाव-रावेर फेरी वाचली, आणि त्या माणसाची गाडी दिल्लीला भरून जायची होती ती वेळेत भरली.

दोन गोष्टी मात्र कुणी धड सांगत नाही. एजंट आत इन्स्टॉल करून भागत नाही; प्रॉक्समॉक्सच्या त्या व्हीएमच्या ऑप्शन्समध्येही तो सुरू करावा लागतो. आणि सुरू केल्यावर आतून रीस्टार्ट करून चालत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते, तेव्हा कुठे ते आभासी पोर्ट आत दिसतं. बऱ्याच जणांना इथेच 'एजंट चालू नाही' असा संदेश दिसतो आणि ते नाद सोडतात. दुसरी गोष्ट सुरक्षेची: यजमानावर ज्याचा ताबा, त्याचा या एजंटमार्फत आतल्या रूटवरही (सगळे अधिकार असलेल्या युजरवरही) ताबा. पतपेढीसारख्या ठिकाणी प्रॉक्समॉक्सचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे याची लेखी यादी असावी, असा माझा आग्रह असतो.

नेटप्लॅन उबंटूत १७.१० पासून मुक्कामाला आलं. वायएएमएल (साध्या मजकुरात मांडणी लिहायची पद्धत) फाइल, जागा सोडण्याचे काटेकोर नियम, टॅब चालत नाही. सुरुवातीला माझ्या ओळखीतल्या सगळ्यांनी त्याला नावं ठेवली. माझं मत त्याच्या एका आज्ञेने बदललं: 'नेटप्लॅन ट्राय'. नवी मांडणी लावली जाते आणि १२० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात एंटर दाबलं तर मांडणी कायम. नाही दाबलं तर जुनी परत. लांबून काम करणाऱ्या माणसासाठी याहून मोठी सोय नाही. चुकीचा गेटवे टाकला, कनेक्शन तुटलं, तर हात जोडून दोन मिनिटं बसायचं. जुनी मांडणी येते आणि कनेक्शन पुन्हा जुळतं. बदल थेट लावणारी 'अप्लाय' ही आज्ञा लांबून वापरणाऱ्या पोरांना मी पहिली 'ट्राय'चीच सवय लावते. मर्यादाही सांगते: ब्रिज आणि बाँडच्या (नेटवर्क कार्डं एकत्र जोडायच्या दोन पद्धती) खास सेटिंग्ज ते उलटवू शकत नाही, आणि तसं ते स्वतःच सांगतं. प्रॉक्समॉक्सच्या यजमान मशीनवर नेटप्लॅन नसतंच, तिथे इफअपडाउन२ हे साधन आहे आणि असली मोजणी नाही. यजमानाचं नेटवर्क बदलायचं असेल तर मी गाडी काढून तिथे जाते, मग कितीही ऊन असो.

वीज येऊन-जाऊन होणाऱ्या त्रासात नेटप्लॅनचा 'ऑप्शनल' हा छोटा शब्द कामाला येतो. व्हीएमला दोन कार्डं असतील आणि त्यातलं एक कशालाच जोडलेलं नसेल, तर चालू होताना सिस्टमडी त्या कार्डाची वाट बघत दोन मिनिटं अडून राहतं. ऑफिसातल्या लोकांना वाटतं मशीन हँग झालं, ते बटण दाबून बंद करतात, आणि डेटाबेस तिथेच खराब होतो. त्या कार्डाखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहिलं की थांबणं संपतं. जोडीला प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम चालू होण्याचा क्रम आणि मधला उशीर ठरवून द्या. राउटरला जागं व्हायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागला तर डीएचसीपीवरच्या व्हीएम काही काळ पत्त्याविना ताटकळतात. डेटाबेसच्या व्हीएमला तर पत्ता पक्काच द्यावा, यात मला दुसरं मत मान्य नाही.

नेटवर्क कार्डाच्या नावांचा घोळ नेटप्लॅनच्या माथी मारला जातो, तो खरा सिस्टमडीचा. कार्डाचं नाव ते कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून ठरतं. प्रॉक्समॉक्समध्ये जुन्या आय४४०एफएक्स प्रकारच्या (आभासी मदरबोर्डाचा एक प्रकार) व्हीएमला पहिलं कार्ड ईएनएस१८ या नावाने दिसतं. तीच व्हीएम क्यू३५ प्रकाराची केली की नाव होतं ईएनपी६एस१८, आणि फाइलमध्ये लिहिलेल्या जुन्या नावाला कुणी वाली उरत नाही. क्लाउड-इनिट यातून सुटायला नावाऐवजी मॅकवर जुळणी करतं. पण बॅकअपवरून 'युनिक' खूण लावून व्हीएम परत आणली की मॅक नवा येतो आणि, क्लाउड-इनिटचं नेटवर्कचं काम बंद केलेलं असेल तर, ही जुळणीही फसते. नाव धरा किंवा मॅक धरा, दोन्हीला कुठेतरी तुटायची जागा आहे. आपल्या ठिकाणी काय जास्त बदलतं ते बघून निवड करावी. मी टेम्पलेटमध्ये नाव धरते, कारण बॅकअप परत आणायची वेळ मशीनचा प्रकार बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा येते.

ओपन-व्हीएम-टूल्सबद्दल थोडक्यात. व्हीएमवेअरवरच्या लिनक्स मशीनांत ते असतं, आणि त्यात नेटवर्क याच नावाची एक शेल स्क्रिप्ट आहे. व्हीएम सस्पेंड होताना ती आतलं नेटवर्क खाली घेते, जागी होताना वर आणते. साधी, वाचता येण्याजोगी, आणि केलेल्या कामाचा स्वतंत्र लॉग ठेवणारी. जाग आल्यावर नेटवर्क परत आलं नाही तर कुठे बघायचं हे तिथे दोन मिनिटांत कळतं. या बाबतीत क्लाउड-इनिटने तिच्याकडून शिकावं. आणि ती नको असेल तर टूल्सच्याच आज्ञेने सस्पेंड-रिझ्यूमच्या स्क्रिप्टा बंदही करता येतात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर कायमस्वरूपी लायसन बंद झाली, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी जे तिथे होते ते प्रॉक्समॉक्सवर आले. त्या स्थलांतरात आतलं कार्ड ईएनएस१६० किंवा ईएनएस१९२ चं ईएनएस१८ होतं, एवढं आधीच लिहून ठेवलं तर पहिल्या बूटला (मशीन पहिल्यांदा चालू करताना) धावपळ होत नाही.

विंडोजच्या व्हीएमची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण टॅली तिथेच असते. व्हीएम दुसऱ्या यजमानावर नेली की विंडोजला नेटवर्क कार्ड नवं वाटतं. जुनं कार्ड दिसेनासं होतं, पण त्याचा पक्का पत्ता ते धरूनच बसतं. नव्या कार्डाला तोच पत्ता द्यायला गेलं की 'हा पत्ता आता हजर नसलेल्या दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे' असं उत्तर मिळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा, फिकट दिसणारं जुनं कार्ड काढून टाका, मोकळं. आणि विंडोजचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर सरळ समजा की डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही.

लॅबमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींसाठीही एक: व्हर्च्युअलबॉक्समध्ये (आपल्याच कॉम्प्युटरवर व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) एनएटी (यजमानाच्या पत्त्याआडून बाहेर जायची सोय) ठेवून दोन व्हीएम चालू केल्या आणि दोन्हींना १०.०.२.१५ दिसला, तर ते बरोबर आहे. तिथे प्रत्येक व्हीएमला स्वतःचं वेगळं एनएटी असतं. वर सांगितलेल्या मशीन-आयडीच्या भानगडीशी त्याचा संबंध नाही. दोघींनी एकमेकींशी बोलायला हवं असेल तर होस्ट-ओन्ली कार्ड (यजमान आणि व्हीएम यांच्यापुरतं नेटवर्क) जोडा.

या चारही साधनांत मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे सर्व्हरसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी त्यांच्यात काहीही नाही. जे सांगतात ते इंग्रजीत, आणि तेही लॉगिन केल्यावर. म्हणून मी प्रत्येक उबंटू व्हीएमवर दोन गोष्टी स्वतः टाकते. पहिली, लॉगिनच्या पडद्यावर आयपी दिसण्याची सोय. ईटीसीमधल्या 'इश्यू' या फाइलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि त्याला चिकटून ४ हा आकडा लिहिला की तिथे मशीनचा सध्याचा पत्ता छापला जातो. मुनीमकाकांना व्हीएमचा पासवर्ड लागत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये कन्सोल (त्या व्हीएमचा पडदा) उघडायचा आणि आकडा वाचून दाखवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे एक छोटी शेल स्क्रिप्ट. ती खालून वर तपासत जाते: आभासी केबल जोडलेली आहे का, पत्ता आहे का, गेटवेला पिंग (पोहोचतंय का हे बघायची हाक) जातो का, बाहेर जातो का, नावावरून पत्ता सापडतो का. जिथे पहिलं 'नाही' येतं तिथे ती थांबते आणि तेवढं एकच वाक्य त्याच 'इश्यू' फाइलमध्ये टाकते: 'केबल आहे, पत्ता नाही', 'पत्ता आहे, गेटवे बोलत नाही'. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही, त्यामुळे ही वाक्यं मराठीच पण रोमन अक्षरांत लिहावी लागतात. व्हॉट्सॲपमुळे ती लिपी आता सगळ्यांना वाचता येते. पारोळ्याच्या एका दालमिलमधल्या काकूंनी मला फोनवर 'गेटवे बोलत नाही' असं वाचून दाखवलं, आणि मी काही विचारायच्या आत "म्हणजे राउटर बंद हाय का पोरी, थांब, बघते," म्हणत स्वतःच उठून राउटरचा प्लग घट्ट केला. पाच तपासण्या आणि पाच वाक्यं, एवढंच काम क्लाउड-इनिट किंवा गेस्ट एजंटने सुरुवातीपासून करायला हवं होतं. या तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे: डीएनएसपासून सुरुवात करणारी माणसं तास घालवतात, आणि शेवटी प्रॉक्समॉक्समध्ये त्या कार्डापुढची 'डिसकनेक्ट'ची खूण कुणीतरी चुकून लावलेली सापडते.

तेव्हा माझी शिफारस अशी. गेस्ट एजंट प्रत्येक व्हीएमवर, अपवाद न करता. नेटप्लॅनची 'ट्राय' लांबून काम करणाऱ्या प्रत्येकाने. क्लाउड-इनिट टेम्पलेटसाठी जरूर, पण डेटाबेसच्या व्हीएमवर पहिल्या बूटनंतर त्याचं नेटवर्कचं काम बंद. ओपन-व्हीएम-टूल्स व्हीएमवेअरवर असाल तर आहे तसं राहू द्या. आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमधून किंवा कुठूनही सर्व्हर बसवून घेताना बसवणाऱ्याला तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा: दोन्ही व्हीएमची मशीन-आयडी वेगळी आहे, गेस्ट एजंट उत्तर देतोय, आणि मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावर टॅली उघडते आहे. तिसरी गोष्ट दाखवल्याशिवाय बिल देऊ नका.